हनुवटीचे केस आणि सोयाबीनचे पैसे



पोळ्याच्या दिवशी लिहिलेले एक पत्र ऐन गणपतीत माझ्या हाती पडले. परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचे आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी दोनदा बजावले आहे, म्हणून ते छापत नाही. पत्र घरात कोणाला न सांगता लिहिले आहे हे पाहताच कळते. दोन ठिकाणी ते मध्येच तुटले आहे आणि पुढे शाईचा रंग बदलला आहे.

मजकूर असा. ताईंची मुलगी २१ वर्षांची आहे. बारावी झाली, शिवण शिकली, शेतात हाताला चलाख. तिच्या हनुवटीवर, जबड्याच्या कडेने आणि वरच्या ओठावर राठ काळे केस येतात. आधी महिन्यातून एकदा दोरा फिरवला की भागत असे, आता आठ दिवसांत पुन्हा खुंट दिसू लागतात. निंदायला जाताना पोरगी तोंडाला फडके गुंडाळते, ते उन्हासाठी आहे असे बरोबरीच्या बायांना वाटते. तुळशीचे लग्न झाले की पाहुणे बघायला येणार आहेत. जिल्ह्याच्या गावी एका ठिकाणी लेसरने केस कायमचे काढून देतो असे सांगतात. सहा बैठकांचे ३०,००० रुपये. त्यांतले १०,००० आधी भरायचे, बाकीचे हप्त्याने, सोयाबीन निघाले की. "भरू का?" एवढेच शेवटी विचारले आहे.

ताई, बंद पाकिटातून दोन ओळी तुम्हांला धाडल्या आहेत, की अजून काही भरू नका. का भरू नका ते दोन ओळींत मावण्यासारखे नाही, आणि ज्या घरात ही अडचण आहे पण पत्र लिहिण्याचा धीर नाही अशा घरांनाही ते कळावे, म्हणून इथे लिहिते.

योगायोग असा की पत्र आले तेव्हा मी मुंबईला निघाले होते. माझे मामा गिरणीत होते, वरळीच्या बीडीडी चाळीत त्यांची एक खोली होती. शाळेची सात वर्षे मी त्या खोलीत काढली. १९८२ चा संप झाला, मामा गावाकडे परतले, त्यांच्याबरोबर मीही आले. पण त्या शाळेतली एक मैत्रीण तेव्हापासून आजवर टिकली आहे. ती वरळी कोळीवाड्यातली. माहेर कोळीवाड्यात आणि सासरही तिथलेच, चार गल्ल्या पलीकडे. अजून रोज पाटी घेऊन बाजारात बसते.

तुमच्यापैकी ज्यांनी कोळीवाडा पाहिला नाही त्यांना सांगते, मुंबईच्या पोटात ते एक गावच आहे. वरळीच्या उत्तर टोकाला जुना किल्ला, गोल्फादेवीचे देऊळ, आणि गल्ल्या अशा की समोरून पाटीवाली आली तर आपण भिंतीला चिकटून उभे राहायचे. समोर २००९ साली सुरू झालेला सागरी सेतू दिसतो. कोस्टल रोडच्या खांबांतून होड्या नीट जाव्यात म्हणून इथल्या लोकांनी भांडण मांडले आणि दोन खांबांतले ६० मीटरचे ठरलेले अंतर १२० मीटर करून घेतले. भावाच्या घासाघिशीत तर कोळणीचा हात कोण धरणार? अशा वस्तीतली, अशी व्यवहाराला पक्की बाई या केसांच्या बाबतीत मात्र फसली. म्हणून तिची हकीकत सांगते. तिने सांगायची परवानगी दिली आहे. "नाव घालू नको गो, बाकी सगळं लिही," म्हणाली.

तिच्या थोरल्या लेकीची गोष्ट अगदी ताईंच्या लेकीसारखीच. लोअर परळला एका कचेरीत कामाला जाते. हनुवटीवर केस, दर आठवड्याला दोरा, आणि दोऱ्याने झालेले लाल पुरळ. तीन वर्षांपूर्वी, चैत्रात, एका चकचकीत ठिकाणी त्यांना सहा बैठकांचा भाव २४,००० सांगितला. आईने भिशी उचलली होती, ती तशीच नेऊन भरली. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, होड्या काठावर असतात आणि घरात रोकड येत नाही. म्हणून बंदीच्या आधी पैसे भरून टाकू, मग चिंता नाही, असा तिचा हिशेब. ते ठिकाण कोणते ते लिहीत नाही.

पहिली बैठक बरी झाली. दुसऱ्या बैठकीच्या आधीच्या रविवारी लेक दिवसभर गच्चीवर आईबरोबर जवळा वाळवत होती. चेहरा उन्हाने रापला होता. बैठकीत कोणी विचारले नाही की उन्हात होतीस का. मशीन फिरवले. रात्री जबड्यावर चटके उठले, आठ दिवसांनी तिथे काळे डाग पडले. ते डाग जायला दिवाळी आली. पोरगी परत तिथे पाय ठेवीना. पैसे मागायला गेल्यावर पावतीच्या मागची बारीक ओळ दाखवली: भरलेली रक्कम परत मिळणार नाही. म्हणजे दोन बैठकांचे झाले २४,०००.

आता हे असे का होते ते समजून घेऊ. शेतकऱ्याच्या घरात ते समजावणे मला सोपे जाईल.

लेसर म्हणजे एका रंगाचा, एका दिशेने जाणारा तीव्र प्रकाश. केसात जो काळा रंग असतो तो हा प्रकाश शोषून घेतो, तापतो, आणि ती उष्णता मुळापर्यंत उतरून मूळ भाजते. केस जितका काळा आणि जाड, तितके काम चांगले. पांढऱ्या केसाला काळा रंगच नाही, म्हणून लेसर त्याचे काही करू शकत नाही. पण तोच काळा रंग आपल्या कातडीतही आहे, आणि उन्हात राबणाऱ्या बाईच्या कातडीत तो अधिक. मशीन योग्य नसेल किंवा त्याचे माप चुकले तर केसाबरोबर कातडीही तो प्रकाश पिते आणि भाजते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला लांब लहरीचा, 'एनडी-याग' नावाचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात, कारण तो वरच्या रंगात कमी अडकतो. डायोड नावाचाही चालतो, पण हात जाणता हवा. बैठकीच्या आधी आणि नंतर काही आठवडे उन्हापासून चेहरा जपावा लागतो. आता मला सांगा, निंदणी-कापणीच्या दिवसांत शेतकरणीने आणि जवळा वाळवण्याच्या दिवसांत कोळणीने ऊन कसे टाळायचे? तरी ते टाळावे लागतेच. ज्याला ते जमणार नाही त्याने त्या दिवसांत बैठक घेऊ नये, हेच खरे.

आणि सहा-सहा, आठ-आठ बैठका कशाला? रानातली हरळी आठवा. एकदा खणून काढली की संपली असे कधी झाले आहे का? वरची हिरवी पात निघते, खाली काही मुळे झोपलेली असतात, ती पुढच्या पावसाला डोके वर काढतात. केसांचेही तसेच. एका वेळी सगळे केस वाढीला लागलेले नसतात. काही वाढत असतात, काही गळण्याच्या बेतात असतात, काही विसावलेले असतात. लेसर बाधतो तो वाढीला लागलेल्या केसालाच. म्हणून चार ते सहा आठवडे थांबायचे, पुढची तुकडी वर आली की पुन्हा मशीन. मधल्या काळात दोरा, चिमटा, मेण काहीही नको, कारण मूळच उपटले तर प्रकाश जाऊन पोचणार कोणाकडे? खुंट काढायचे असतील तर वस्तऱ्याने किंवा कात्रीने. ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगत नाहीत. मुलगी लाजेने दोरा फिरवते आणि बैठक फुकट जाते.

बैठक असते दहा-पंधरा मिनिटांची. ओठ-हनुवटी एवढीशी जागा. पण दहा मिनिटांचे काम महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने केले की वर्ष निघून जाते. ताई, पोळ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत तीन महिनेही नाहीत. त्यात फार तर दोन, ओढून ताणून तीन बैठका बसतील. पाहुण्यांच्या आधी चेहरा साफ करून देतो असे कोणी म्हणत असेल तर तो हरळी एका नांगरटीत काढून देतो म्हणणाऱ्यासारखाच आहे.

'कायमचे' या शब्दाचीही गंमत ऐका. अमेरिकेत औषधे आणि उपकरणे यांवर देखरेख ठेवणारे सरकारी खाते आहे. लेसर मशीन विकणाऱ्यांना ते 'केसांची कायमची घट' एवढेच म्हणू देते. सगळे केस कायमचे गेले असा त्याचा अर्थ होत नाही, असेही ते खाते स्पष्ट सांगते. घट म्हणजे केस कमी होतात, बारीक होतात, उशिरा येतात. आणि वर्षातून एक-दोन वेळा पुन्हा जावे लागते. आपल्याकडच्या पाट्यांवर मात्र 'घट' हा शब्द मला कुठे दिसला नाही. चेहऱ्याच्या बाबतीत आणखी एक उलटे घडू शकते. काही मुलींना, विशेषतः सावळ्या वर्णाच्या आणि अंगातल्या रसांचा बिघाड असलेल्या मुलींना, जबड्याच्या आणि गळ्याच्या कडेने लेसरनंतर केस वाढतातही. हे क्वचित होते, पण होते, आणि पैसे घेण्याआधी ते सांगायला हवे.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती माझ्या मैत्रिणीला चकचकीत ठिकाणी कळली नाही, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात कळली. डाग पडल्यावर बंदीच्या दिवसांत, बाजार थंड होता म्हणून, ती सकाळी लवकर उठून लेकीला घेऊन बसने तिथे गेली. १९२६ पासूनचे हे महापालिकेचे रुग्णालय. रांग मोठी. कातडीच्या विभागात नंबर लागायला दुपार झाली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डाग पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला: "पाळी वेळेवर येते का?"

मैत्रीण मला म्हणाली, "गो, चोवीस हजार घेतले त्यांनी हे विचारले नव्हते."

पाळी वेळेवर येत नव्हती. दोन-दोन, अडीच-अडीच महिन्यांनी येई. आईला वाटे कामाचा ताण, लोकलचा प्रवास. रक्त तपासले, पोटाची सोनोग्राफी केली, आणि निदान झाले पीसीओएस. बीजकोशांशी निगडित असा हा विकार आहे. यात बाईच्या अंगात थोड्या प्रमाणात असणारा पुरुषी रस वाढतो, म्हणून पुरुषाला जिथे दाढी-मिशी येते तिथे केस राठ होतात. पाळी लांबते, मुरमे येतात, वजन वाढते, काहींच्या मानेवर मळासारखा काळा मखमली पट्टा येतो. तो घासून जात नाही आणि पोरीला उगाच बोलणी खावी लागतात. वयात आलेल्या दहा बायकांत साधारण एकीला हा विकार असतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच परळमध्ये प्रजनन आणि बालआरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथे यावर कितीतरी वर्षे अभ्यास चालू आहे. म्हणजे हा कोणा एकीचा शाप नव्हे. पुढे मधुमेह होण्याचा धोका या विकारात वाढतो, मूल राहायला उशीर लागू शकतो. वेळीच उपचार केले तर पुष्कळ गोष्टी सावरतात. केस हे त्या आजाराचे नुसते पान आहे.

मूळ कारण तसेच ठेवून वरवर लेसर फिरवत राहिले तर नवे केस येतच राहतात. पाट सुरू ठेवून वाफ्यातले पाणी उपसण्यातला प्रकार.

पुढची गोष्ट नाजूक आहे, पण लिहितेच. डॉक्टरीणबाईंनी ज्या गोळ्या दिल्या त्या पाहून मैत्रीण भडकली. पाकीट घरी आणल्यावर शेजारणीने ओळखले, की या तर पाळणा लांबवायच्या गोळ्या. लग्न न झालेल्या मुलीला! दुसऱ्या दिवशी ती तरातरा रुग्णालयात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला बसवून सांगितले, की या गोळ्यांनी पाळी नियमित येते आणि पुरुषी रस आटोक्यात राहतो, त्या कामासाठी दिल्या आहेत. त्यांनी मूल होण्याची शक्ती जात नाही. हे आधीच सांगितले असते तर बरे झाले असते असे मला वाटते, पण रांगेत शंभर माणसे असताना डॉक्टर तरी किती बोलणार. काही मुलींना याशिवाय दुसरीही गोळी देतात, ती गर्भारपणात अजिबात चालत नाही, म्हणून लग्न ठरले की डॉक्टरांना सांगायचेच. या गोळ्या मनाने, शेजारणीच्या पाकिटातल्या घेऊ नयेत. ज्यांना रक्ताची गुठळी होण्याचा त्रास आहे किंवा अर्धशिशीचा विशिष्ट प्रकार आहे त्यांना त्या बाधतात.

गोळ्यांनी केस लगेच थांबत नाहीत. आलेला केस आपले आयुष्य पुरे करतो, म्हणून फरक दिसायला सहा महिने तरी लागतात. मैत्रिणीच्या लेकीने गोळ्यांबरोबर रोज संध्याकाळी किल्ल्यापर्यंत चालायला सुरुवात केली, भात कमी केला, वजन थोडे उतरले. पौषापर्यंत नवे केस मंदावले. मग माघात तिने पुन्हा लेसर धरला, या वेळी कातडीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधी कानाखाली चवलीएवढ्या जागेवर मशीन लावून पाहिले आणि आठ दिवस थांबले. दर बैठकीचे पैसे त्या त्या दिवशी, २,५०० रुपये. सात बैठका झाल्या. दिवाळीला संपल्या.

हिशेब मी तिच्याकडून लिहून घेतला. पहिले बुडालेले २४,०००, डागांवरची मलमे ३,०००, बाहेर केलेल्या तपासण्या १,५००, नंतरच्या सात बैठका १७,५००. एकूण ४६,०००. गोळ्या आणि बसभाडे यात धरलेले नाही. वेळ गेला दीड वर्षाच्या वर. फळ काय? राठ केसांची पट्टी गेली, चार-पाच केस अजून उगवतात, ते ती कात्रीने कापते. वर्षातून दोनदा बैठकीला जाते. लेक समाधानी आहे. "पहिल्यांदा के.ई.एम.ला गेलो असतो तर वीस-बावीस हजारात झालं असतं," हे आईचे म्हणणे, आणि ते मला पटते.

मी गणपतीत दादर-परळ भागात तीन-चार ठिकाणी भाव विचारून आले. ओठ आणि हनुवटी मिळून एका बैठकीचे दीड हजारापासून चार-पाच हजारांपर्यंत सांगतात. वरचा भाव म्हणजे मशीन चांगले असेच काही नाही, पुष्कळदा तो संगमरवराचा असतो.

आता ताई, तुमचा हिशेब. ३०,००० सहा बैठकांचे. गावाहून जिल्ह्याच्या गावी दोघी जाणार. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तरी जाणे-येणे, रिक्षा, चहा आणि दोघींचा बुडालेला रोज धरला तर खेपेला हजार रुपये कुठे जात नाहीत. सहा खेपांचे ६,०००. सहा बैठकांत भागले नाही आणि आणखी दोन घ्याव्या लागल्या तर पाच हजारांच्या त्याच दराने १०,००० आणि खेपांचे २,०००. झाले ४८,०००. सोयाबीनचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे हमीभावाने विकले तरी नऊ क्विंटल. कोरडवाहू दीड एकराचे सगळे पीक एका हनुवटीवर जाते. मी द्या किंवा देऊ नका असे म्हणत नाही. पोरीच्या मनाची घुसमट आईच जाणते, आणि त्या घुसमटीलाही किंमत आहे. पण नऊ क्विंटल देताना काय मिळणार ते माहीत असावे.

म्हणून आधी मुलीला घेऊन जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगाच्या डॉक्टरांकडे जा. तुमच्या बाजूला नांदेडला आणि अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे कातडीचा विभागही आहे. पाळीच्या तारखा वर्षभराच्या कागदावर लिहून न्या. पाळी अगदी नियमित असेल, तपासण्या ठीक असतील, आणि आई-आजीलाही असेच केस असतील, तर ते घराण्याचे समजायचे, आजार नाही. उलट केस चार-सहा महिन्यांत एकदम वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल, डोक्याचे केस पुरुषासारखे मागे हटत असतील, तर सोयाबीनची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा. क्वचित पोटातल्या गाठीचे ते लक्षण असते. पाळी गेलेल्या आजीबाईंच्या हनुवटीवर दोन-चार केस आले तर त्याची काळजी नको.

आणखी एक विचारते. मुलगी चेहऱ्याला काय लावते? मेडिकलच्या दुकानात गोरे होण्याची म्हणून जी छोटी ट्यूब मिळते तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, सगळ्याजणी विचारतात काय लावतेस, आणि काही महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल होते, आणि चेहऱ्यावर केस येऊ लागतात. २०१८ साली सरकारने अशी कितीतरी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी खेड्यात ती सर्रास मिळतात. तसली ट्यूब चालू असेल तर लेसरचा विचार करण्याआधी ती डॉक्टरांना नेऊन दाखवा. एकदम फेकूनही देऊ नका, चेहरा भडकतो. कशी सोडायची ते डॉक्टर सांगतील.

लेसरखेरीज दुसरी एक पद्धत आहे, सुईची. केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेचा अगदी सौम्य प्रवाह सोडायचा आणि मूळ मारायचे. ही फार जुनी. १८७५ साली अमेरिकेत चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणीचे आत वळून डोळ्याला टोचणारे केस काढण्यासाठी ती वापरल्याचे लिहिले. खऱ्या अर्थाने कायमची म्हणून हीच मानतात, आणि पांढऱ्या केसावरही चालते. पण एकेक केस सुटा घ्यावा लागतो. निंदणी करताना एकेक काडी चिमटीने उपटण्यासारखे ते काम. हनुवटीलाही तासन् तास लागतात, वर्ष-दीड वर्ष जावे लागते, दुखते, आणि हात कच्चा असेल तर खड्डे पडतात. थोड्याच केसांसाठी ती बरी.

'दुखत नाही, झटपट होते' या बोलण्यावर जगात बायकांनी फार सोसले आहे, ते थोडक्यात सांगते. १८९६ साली व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरांनी एका लहान मुलीच्या पाठीवरचे केस क्ष-किरणांनी घालवले. केस खरेच गेले. पुढे अमेरिकेत १९२० नंतर क्ष-किरणांनी चेहऱ्याचे केस काढून देणारी दुकानेच निघाली. न दुखता केस जात, बायका खूष. काही वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यांवर सुरकुत्या, जखमा आणि शेवटी कर्करोग. लेसरचे तसे नाही, त्यात ते किरण नसतात. पण ही गोष्ट आठवली की मी घाईत 'हो' म्हणत नाही.

तोवर पाहुण्यांचे काय? वस्तरा. हो, साधा वस्तरा. चेहऱ्यासाठीचे छोटे रेझर आता तालुक्यालाही मिळतात. वस्तरा लावला की केस जाड येतात हा समज आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे, माझ्याही होता. १९२८ सालीच अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्राच्या बाईंनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून पाहिले आणि तसे काही होत नाही असे दाखवले. केसाचे टोक बारीक असते, कापल्यावर बुंधा बोथट दिसतो, एवढेच. चेहरा धुवून, साबणाचा किंवा कोरफडीचा ओलावा ठेवून, केसांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवायचा. दुसऱ्याचे पाते वापरायचे नाही. केस घालवणारी मलमे आधी कोपराच्या आत लावून पाहावीत, चेहऱ्याची कातडी त्यांनी पटकन सोलते. घरी वापरायची प्रकाशाची छोटी यंत्रे मोबाइलवर विकायला असतात, त्यांतली बरीचशी गडद कातडीसाठी नसतात आणि तसे खोक्यावरच लिहिलेले असते. ते वाचायचे.

एवढे सगळे करून लेसर करायचाच ठरला तर पुढच्या वर्षी करा, तपासण्या होऊन, गोळ्या लागल्याच तर सहा महिने झाल्यावर. हिवाळ्यात सुरू करा, कपाशी-तूर निघाल्यावर, म्हणजे ऊन कमी. मशीन कोणते, चालवणार कोण, डॉक्टर तिथे हजर असतात का, हे विचारा. पाळीविषयी आणि उन्हाविषयी त्यांनी आपणहून विचारले नाही तर उठून या. आधी लहानशा जागेवर करून बघायला सांगा. पैसे एका बैठकीचे एका वेळी, पावती घेऊन, कर धरून की सोडून ते ठरवून. हप्त्याच्या कागदावर सही करू नका. तो बहुधा कर्जाचा कागद असतो, बैठका थांबल्या तरी हप्ते थांबत नाहीत.

राहिले लग्नाचे. पीसीओएस निघाला तर पाहुण्यांना सांगावे की लपवावे, हे ताईंनी विचारलेले नाही, पण मनात असणारच. मैत्रिणीच्या लेकीचे गेल्या वैशाखात ठरले. मुलगा माहीमच्या कोळीवाड्यातला. लेकीने स्वतःच त्याला सांगितले, आई घाबरून आत बसली होती. तो म्हणाला, "माझ्या बहिणीला हेच आहे, ती कोणाकडे दाखवू?" आणि के.ई.एम.चा पत्ता लिहून घेतला. सगळे मुलगे असे नसतात हे मला ठाऊक आहे. पण गोळ्यांचे पाकीट किती दिवस ट्रंकेत लपवणार?

मी निघताना मैत्रिणीने सुक्या बोंबलांची पुडी दिली, ती एसटीत वास येतो म्हणून कंडक्टरने मागच्या बाकाखाली ठेवायला लावली. ताई, सोयाबीन विकले जाईल तेव्हा जाईल, आधी रक्ताच्या तपासणीचा कागद हातात येऊ द्या. तो आला की त्यावर काय लिहिले आहे ते मला कळवा. बंद पाकिटातूनच लिहा, पत्ता तोच आहे.